रनिंग मेट कसा जोखावा : २००८चे बायडन आणि पेलिन

अमेरिकेत अध्यक्ष आणि उपाध्यक्ष यांना मिळून एकच मत पडतं. वरचा हवा, खालचा नको, अशी सोय नाही. मग उपाध्यक्षपदाचा जोडीदार, म्हणजे रनिंग मेट, पटला नाही तर ते किती मनावर घ्यायचं, हा प्रश्न नव्याने नागरिकत्व घेतलेल्या आपल्या मराठी मंडळींनाही पडतो. त्यासाठी २००८ची निवडणूक बघावी. दोन्ही पक्षांनी सहा दिवसांच्या अंतराने अगदी उलट तऱ्हेच्या निवडी केल्या होत्या.

डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार बराक ओबामा यांनी २३ ऑगस्टला जो बायडन यांचं नाव जाहीर केलं. ओबामा ४७ वर्षांचे, सिनेटमध्ये चौथंच वर्ष. बायडन १९७३पासून सिनेटर आणि परराष्ट्र व्यवहार समितीचे अध्यक्ष. जिथे कमी तिथे भर. खोट होतीच : इराकवर हल्ल्याची मुभा देणाऱ्या २००२च्या ठरावाला बायडन यांनी पाठिंबा दिला होता आणि ओबामा त्या युद्धाला विरोध करत पुढे आले होते. शिवाय बायडन यांची जीभ घसरायची. बदल हवा असलेल्यांना हा चेहरा जुनाच वाटला असेल, तर त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही.

रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार जॉन मॅकेन यांनी २९ ऑगस्टला ओहायोतल्या डेटनमध्ये सेरा पेलिन यांना पुढे केलं. अलास्काच्या गव्हर्नरपदाची पावणेदोन वर्षं आणि त्याआधी वसिला या छोट्या गावाचं महापौरपद. पक्षाच्या अधिवेशनातल्या पेलिन यांच्या ३ सप्टेंबरच्या भाषणाने मरगळलेल्या कार्यकर्त्यांत जीव आला, काही जनमत पाहण्यांत मॅकेन पुढेही गेले. हा फायदा खरा होता.

माझ्यासाठी मात्र पारडं फिरलं ते घाईमुळे. पेलिन यांची आणि मॅकेन यांची आधीची ओळख म्हणजे फेब्रुवारीतली एक भेट. दुसरी सविस्तर भेट २८ ऑगस्टला, अ‍ॅरिझोनातल्या सेडोनाजवळच्या मॅकेन यांच्या घरी. दुसऱ्याच दिवशी घोषणा. मॅकेन यांचा प्रचार उभा होता ‘ओबामा अननुभवी आहेत’ या मुद्द्यावर, आणि तोच त्यांनी आपल्या हाताने बोथट केला. पुढे टीव्ही पत्रकार केटी कुरिक यांनी पेलिन यांना विचारलं, कोणती वर्तमानपत्रं, मासिकं वाचता? प्रश्न पुन्हा विचारूनही एक नाव आलं नाही. ‘सगळीच’, एवढंच. असा साधा प्रश्न आधी बंद खोलीत विचारायचा असतो. घाईत नेमकं तेच राहून जातं.

याची एवढी काळजी का, तर आजवर नऊ उपाध्यक्ष मुदत संपण्याआधीच अध्यक्षाच्या खुर्चीत बसले आहेत. ट्रुमन यांना तर उपाध्यक्ष म्हणून तयारीला ८२ दिवसच मिळाले होते. आणि घोषणेच्या त्या दिवशी मॅकेन यांना ७२ वर्षं पूर्ण होत होती.

मॅकेन हरले ते पेलिन यांच्यामुळे, असं मी म्हणणार नाही. १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स ही बडी गुंतवणूक बँक बुडाली, त्यानंतर सगळंच बदललं. २ ऑक्टोबरच्या वादचर्चेत पेलिन यांनी बायडन यांच्यासमोर निभावूनही नेलं.

तरी पुढच्या वेळी नाव जाहीर झालं, की भाषणाआधी तारखा बघा. शोध केव्हा सुरू झाला, दोघे आधी किती वेळा भेटले, आणि लिहून न आणलेली पहिली मुलाखत किती दिवसांनी दिली. माणूस उद्या मंत्रिमंडळ कसं निवडेल, हे मला तरी तिथेच दिसतं.

मॅकेन यांच्या मनात आधी सिनेटर जो लिबरमन होते, जे पूर्वी डेमोक्रॅटिक पक्षाचे होते. सल्लागारांचं न ऐकता त्यांनाच घ्यायला हवं होतं, असं मॅकेन यांनी २०१८मध्ये लिहिलं.