फेटचं सर्किट किट: तिसरी-चौथीसाठी

फेट (PhET) या कोलोरॅडो विद्यापीठाच्या प्रकल्पाचं हे सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर वीजमंडल जोडून बघायचा आभासी प्रयोग, फुकट आहे आणि ब्राउझरमध्येच चालतं. ९ व्होल्टची बॅटरी, बल्ब आणि वायर ओढून आणायच्या, टोकाला टोक जुळवायचं, की निळे ठिपके (म्हणजे इलेक्ट्रॉन) धावू लागतात. मुलं हमखास दोन्ही वायर बल्बच्या बुडालाच लावतात. मग बल्ब वगळला जातो, शॉर्ट सर्किट होतं आणि पडद्यावरच्या बॅटरीतून ज्वाळा निघतात! (ही चूक मुद्दाम करू द्यावी.) दुसरी वायर बल्बच्या बाजूला लावली, की तो पेटतो. चुकलेला जोड दाबला की तो तोडायला कात्री येते. यातूनच इंग्रजीही शिकवायचं असेल, तर तेवढी भर मात्र आपणच घालायची: प्रत्येक वस्तू उचलताना ‘धिस इज अ वायर’ म्हणवून घ्या. मोबाइलवर बोटं अडखळतात, टॅब बरा.