जुनी फ्रिगेट, नवी शस्त्रं: तीन वाटा आणि प्रत्येकीची किंमत

नव्या फ्रिगेटवर, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौकेवर, आठ ब्रह्मोस क्षेपणास्त्रं दिसली की एक प्रश्न हमखास येतो: मग जुन्या जहाजांवरही हीच बसवून का टाकत नाहीत? प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर क्षेपणास्त्राच्या पल्ल्यात सापडत नाही. ते वजनात सापडतं.

आपल्या ब्रह्मपुत्रा वर्गाच्या फ्रिगेटवर सोळा जहाजविरोधी उरान क्षेपणास्त्रांची सोय आहे. एका उरानचं वजन ६०० किलोच्या थोडं वर, म्हणजे सोळा मिळून दहा टनांच्या आसपास. जहाजावरचं ब्रह्मोस एकटंच सुमारे तीन टनांचं. आठ घेतली तर नुसत्या क्षेपणास्त्रांचेच चोवीस टन झाले. त्यांची नळकांडी, खालचा पोलादी आधार आणि वायरिंग वेगळं. शिवाय हे वजन पाण्याच्या रेषेच्या वर, डेकवर येतं. कोकणातला कुठलाही तांडेल सांगेल की ओली जाळी केबिनच्या छपरावर रचली तर होडी डुलायला लागते आणि तीच तळाशी टाकली तर स्थिर राहते. युद्धनौकेचंही तसंच आहे.

हे मोजायची जुनी आणि सुंदर पद्धत आहे, कलचाचणी. जहाज गोदीतल्या शांत पाण्यात दोर सैल सोडून उभं करतात. आत एक लांब लंबक टांगलेला असतो. त्याचा गोळा पाण्याच्या किंवा तेलाच्या भांड्यात बुडवलेला, म्हणजे तो उगाच थरथरत नाही. मग डेकवर आधी मोजून आणलेली वजनं एका बाजूकडून दुसरीकडे सरकवतात आणि लंबक किती मिलिमीटर हलला ते पट्टीवर वाचतात. त्यावरून जहाजाचा गुरुत्वमध्य नेमका किती उंचीवर आहे ते काढता येतं. जुन्या जहाजावर काय चढवायचं हे ठरवताना मी सगळ्यात आधी हा आकडा मागेन. जहाज वापरात असताना रंगाचे थर, जादा केबल, वाढीव सामान असं बरंच काही साचतं आणि गुरुत्वमध्य वर सरकत राहतो.

हे लक्षात ठेवून तीन वाटा शेजारी ठेवून बघू.

पहिली वाट: आहे त्याच जहाजावर शस्त्रं बदलायची

आपल्याकडचं धाडसी उदाहरण १९७० च्या दशकातलं: ब्रिटनमध्ये बांधलेली पहिली ‘तलवार’. १९७१ च्या युद्धात क्षेपणास्त्र बोटींनी कराची बंदरावर काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. मग ‘तलवार’च्या पुढच्या डेकवरची साडेचार इंची जोडतोफ काढली आणि त्या जागी तशाच बोटींवरची तीन स्टिक्स क्षेपणास्त्रं बसवली. हिशेब जुळला, कारण जड तोफ गेल्यामुळे जागाही मिळाली आणि वजनही. त्याची किंमत मात्र उघड होती. मुख्य तोफ कायमची गेली, आणि तीन क्षेपणास्त्रं डागून झाली की पुढच्या डेकवर काहीच उरत नव्हतं.

न्यूझीलंडने हीच वाट अधिक शिस्तीने घेतली. ‘ते काहा’ आणि ‘ते माना’ या दोन अँझॅक वर्गाच्या फ्रिगेटचा मागचा उघडा डेक आधी बंदिस्त केला, म्हणजे वाढलेलं वजन पेलून जहाज सावरण्याची ताकद राहील. नंतर दोन्ही जहाजं कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदीत नेली. तिथे जुन्या विमानविरोधी सी स्पॅरोच्या जागी वीस सी सेप्टर क्षेपणास्त्रं आली आणि लढाईचं नियंत्रण करणारी यंत्रणाही नवी बसली. काम चांगलं झालं, पण खर्च ४९.१ कोटींवरून ६३.९ कोटी न्यूझीलंड डॉलरवर गेला. आणि त्या देशाकडे फ्रिगेट दोनच असल्यामुळे काही काळ दोन्ही एकाच वेळी कॅनडाच्या गोदीत होत्या. ‘नव्यापेक्षा स्वस्त’ म्हणताना जहाज गोदीत असेल ती वर्षंही खर्चात धरायला हवीत. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो.

ऑस्ट्रेलियाच्या अ‍ॅडलेड वर्गात तर सहा जहाजं अशी सुधारायचा बेत होता तो चारवर आला. उरलेली दोन लवकर निवृत्त केली.

गोदीतला धोकाही धरायला हवा. डिसेंबर २०१६ मध्ये मुंबईच्या नौदल गोदीत दुरुस्तीतली ‘बेतवा’ बाहेर काढताना एका कुशीवर कोसळली आणि दोन नौसैनिकांचा जीव गेला. जुलै २०२४ मध्ये ‘ब्रह्मपुत्रा’ला दुरुस्तीदरम्यान आग लागली, ती एका बाजूला कलली आणि एका खलाशाचा मृत्यू झाला. उघडं करून ठेवलेलं जहाज समुद्रातल्या जहाजापेक्षा नाजूक असतं.

दुसरी वाट: सांगाडा तोच, पुढच्या तुकडीत शस्त्रं नवी

इथे जुन्या जहाजाला हात लावायचा नाही, त्याच आराखड्याचं पुढचं जहाज सुधारून बांधायचं. रशियात बांधलेल्या आताच्या तलवार वर्गात हे टप्प्याटप्प्याने बघायला मिळतं (नाव तेच, जहाज अगदी वेगळं). २००३ च्या सुमाराच्या पहिल्या तीन जहाजांवर जहाजविरोधी क्लब क्षेपणास्त्रं होती. २०१२-१३ मध्ये आलेल्या ‘तेग’, ‘तरकश’ आणि ‘त्रिकंड’वर त्या जागी आठ ब्रह्मोस आली. आणि डिसेंबर २०२४ मध्ये नौदलात दाखल झालेल्या ‘तुशील’वर विमानविरोधी श्तिल क्षेपणास्त्रांची मांडणीच बदलली. आधी चोवीस क्षेपणास्त्रं डेकखाली असत आणि एकच यांत्रिक हात त्यातलं एकेक वर घेऊन डागत असे. हात अडकला की सगळी चोवीस निकामी. आता चोवीस उभी नळकांडी आहेत आणि प्रत्येक क्षेपणास्त्र आपापल्या जागी तयार. चहूबाजूंनी हल्ला आला तर हा फरक जीव वाचवणारा आहे.

खलाशांना जहाज ओळखीचं, सुटे भाग ओळखीचे, आणि आराखड्यातल्या चुका आधीच सापडलेल्या. जोखमीचा विचार केला तर तिन्हींत ही वाट मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. पण जुन्या आराखड्यासोबत जुने पुरवठादारही येतात. या जहाजांची गॅस टर्बाइन युक्रेनची. २०१४ नंतर युक्रेनने रशियाला ती देणं थांबवलं, तेव्हा भारताला स्वतः ती विकत घेऊन रशियातल्या गोदीपर्यंत पोहोचवावी लागली. शिवाय साधारण चार हजार टनांच्या या सांगाड्यात आणखी किती मावणार, ही मर्यादाही आहेच.

तिसरी वाट: आराखडाच ताणून मोठा करायचा

माझगाव डॉकचा खरा वारसा हा. लिअँडर वर्गाची ब्रिटिश फ्रिगेट सुमारे ११३ मीटर लांब होती. आपल्या आरेखकांनी त्यावरून १२६ मीटरची ‘गोदावरी’ काढली, आणि इंजिनं मात्र तीच ३०,००० अश्वशक्तीची वाफेची ठेवली. लांब सांगाडा पाणी कमी विरोधाने कापतो, त्यामुळे वेगात घट झाली ती जेमतेम एका नॉटची. त्या बदल्यात एकाऐवजी दोन सी किंग हेलिकॉप्टर मावली, आणि सोव्हिएत क्षेपणास्त्रंही.

खरी डोकेदुखी विजेची होती. ब्रिटिश वळणाच्या जहाजातली वीज ४४० व्होल्ट, ६० हर्ट्झची. सोव्हिएत यंत्रणांना हवी ३८० व्होल्ट, ५० हर्ट्झची. दोन्ही एकाच जहाजात नांदवायच्या म्हणजे रूपांतर करणारी यंत्रं आली, त्यांची उष्णता आली, जागा आली. हे सगळं निस्तरून ‘गोदावरी’ १९८३ मध्ये नौदलात आली आणि २०१५ पर्यंत टिकली. पुढच्या ब्रह्मपुत्रा वर्गात वेगळी चूक भोवली. विमानविरोधी म्हणून ‘त्रिशूल’ क्षेपणास्त्र गृहीत धरलं होतं, ते तयार झालंच नाही, आणि शेवटी इस्रायली बराक बसवावं लागलं.

आताचं उदाहरण म्हणजे ‘शिवालिक’वरून काढलेली ‘निलगिरी’. लांबी १४२ वरून १४९ मीटर झाली, वजन पाचेक टक्क्यांनी वाढलं. ‘शिवालिक’वर एका हाताने डागायची चोवीस श्तिल आणि बत्तीस जवळच्या पल्ल्याची बराक होती; ‘निलगिरी’वर लांब पल्ल्याची बत्तीस बराक-८ आहेत. म्हणजे संख्या घटली आणि पोहोच वाढली. मला हा सौदा पटतो, पण तो सौदा आहे हे मान्य करायला हवं. डिसेंबर २०१७ मध्ये कणा ठेवला, म्हणजे बांधणीला सुरुवात झाली, डिसेंबर २०२४ मध्ये जहाज हाती आलं. सात वर्षं.

ही वाट कुठे फसते ते अमेरिकेने दाखवलं. २०२० मध्ये त्यांनी आपल्या कॉन्स्टेलेशन वर्गासाठी इटालियन-फ्रेंच ‘फ्रेम’ (FREMM) फ्रिगेटचा आराखडा निवडला, तो ८५ टक्के तसाच ठेवायच्या बोलीवर. बदल होत होत साम्य १५ टक्क्यांच्या खाली गेलं, वजन किमान ७५९ टनांनी वाढलं, आणि आराखडा पुरा व्हायच्या आधीच बांधणी सुरू झाली होती. पहिलं जहाज २०२६ वरून २०२९ वर ढकललं गेलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये कॉन्स्टेलेशन वर्गाची सुरू न झालेली चार जहाजं रद्द झाली. दोनच पुढे चालू राहिली. दुसऱ्याचा आराखडा घेऊन आपल्या सगळ्या सवयी त्यात कोंबायच्या असतील, तर नवीनच काढलेला बरा.

मग निवड कशी करायची?

जहाजाचं पंधरा वर्षांपेक्षा कमी आयुष्य उरलं असेल, तर मी त्यावर फक्त स्वसंरक्षणाचा खर्च करेन: रडार, शत्रूच्या क्षेपणास्त्राला चकवणारी यंत्रणा, जवळच्या पल्ल्याची हलकी क्षेपणास्त्रं. माऱ्याची ताकद वाढवायची तर पुढच्या तुकडीत. आराखडा ताणायचा तो आपला स्वतःचा असेल तेव्हा, आणि शस्त्र चाचण्यांत उतरलेलं असेल तेव्हाच.

त्यामुळे ब्रह्मपुत्रा वर्गाचं मध्यायुष्यातलं काम ज्या दिशेने चाललंय ते मला योग्य वाटतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘ब्यास’चं ३१३ कोटींचं कंत्राट कोचीन शिपयार्डला मिळालं. शस्त्रं आधुनिक होतीलच, पण मुख्य काम आहे वाफेची इंजिनं काढून डिझेल बसवायचं. बॉयलर आणि टर्बाइन ही जहाजाच्या तळची जड वजनं. ती बदलली की खालचा सगळा हिशेब बदलतो आणि वर काय ठेवता येईल तेही नव्याने मोजावं लागतं. लंबक, भांडं आणि पट्टी घेऊन.