पावसाळ्याची बेगमी: सुकी मासळी, आगळ आणि कुळीथ, आठ महिन्यांच्या वापरानंतर

मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात भरलेली बेगमी डिसेंबरअखेर संपली. चार माणसांच्या घरासाठी माल असा होता: जवळा (सुकवलेली अगदी बारीक कोळंबी) १ किलो, सोडे (सोलून सुकवलेली कोळंबी) २५० ग्रॅम, खारे बांगडे २४, सुके बोंबील ५०, आगळ (रातांब्याचा, म्हणजे कोकमाच्या फळाचा, खारवलेला रस) २ लिटर, कुळीथ २ किलो. एवढ्यावर आठवड्यातून एक-दोन वेळा मासळीचं जेवण, एकदा कुळथाची पिठी आणि जवळजवळ दर आठवड्याला आगळाची कढी निघाली. भाव मुद्दाम देत नाही, कारण हर्णै बंदरावरचा, मालवणच्या बाजारातला आणि दारावर येणाऱ्या मावशींचा भाव एक नसतो, आणि महिन्यागणिक बदलतो. बघायचं ते एका जेवणाला किती माल लागतो हे.

जवळा चार माणसांना एका वेळी ५० ग्रॅम पुरतो, म्हणजे किलोत वीस जेवणं. सोडे दिसायला महाग, पण खिचडीला एक मूठ, साधारण ३० ग्रॅम पुरे होतात. पाव किलोत आठ वेळा भागलं. बांगडे पिठीबरोबर तोंडी लावायला दोन पुरतात. ओला बांगडा किलोभर आणला की डोकं-आतडी जाऊन एकाच जेवणात संपतो, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौका बंद असतात तेव्हा तो परवडेल अशा भावाने मिळतही नाही. पैशाला सर्वांत जास्त चव कोणी दिली, तर जवळ्याने. दुसरा नंबर आगळाचा.

आधी खरेदी, कारण निम्मं नुकसान तिथेच होतं. जवळा मुठीत दाबून सोडायचा. मोकळा सुटला तर सुका, गोळा राहिला तर ओलसर, आणि ओलसर जवळ्यात वजनाचे पैसे पाण्याला जातात. मग चिमूटभर पेल्यातल्या पाण्यात टाकायचा. वाळूवर पसरून सुकवलेला असेल तर तळाशी रेती बसते. ही परीक्षा न करता घेतलेल्या एका पिशवीत वरचा थर कुरकुरीत आणि तळाचा दमट निघाला होता. प्लास्टिकच्या बंद पिशवीतला माल म्हणूनच नको, उघड्या पाटीतला घ्यावा. बोंबील वाकवून बघा, काडीसारखा मोडला पाहिजे. बांगड्याचं पोट उघडून वास घ्या आणि आतला रंग पाहा. पिवळट-तपकिरी झाक आणि जुन्या तेलाचा वास आला तर तो खवट झालेला आहे, स्वस्त मिळाला तरी सोडा. खारवलेल्या मासळीवर गुलाबी-लालसर डाग दिसले तर तेही नको. मिठात वाढणारे जंतू असतात ते, ऊन दाखवून जात नाहीत.

घरी आणल्यावर दोन दिवस कडक ऊन द्यायचं. बोंबलाची डोकी-शेपट्या आधीच काढायच्या, डबा कमी लागतो. ऊन दिलेला माल गरम असताना भरू नये, पूर्ण निवू द्यावा. नाहीतर झाकणाला आतून घाम येतो आणि आठ दिवसांत बुरशी धरते. काचेच्या बरण्या सर्वांत चांगल्या. पत्र्याचे डबे खाऱ्या हवेत कडेने गंजले आणि झाकण सैल झालं. एक मोठी बरणी भरण्यापेक्षा अर्ध्या-अर्ध्या किलोच्या दोन भराव्यात, कारण रोज उघडणाऱ्या बरणीत दमट हवा जातेच.

इथे एक गोष्ट कोणी सांगत नाही. माल बिघडतो तो बहुतेक श्रावणात. ज्या घरात श्रावण पाळतात तिथे बरणी महिनाभर कोणी उघडत नाही, पुढे गणपतीतही मासळी शिजत नाही, आणि हवेतला दमटपणा तेव्हाच सर्वांत जास्त असतो. म्हणून आषाढ संपायच्या आत सगळ्या बरण्या उपसायच्या. ऊन नसेल तर जवळा आणि सोडे लोखंडी तव्यावर अगदी मंद आचेवर पाच-सात मिनिटं फिरवून, निववून पुन्हा भरायचे. असं केलेला जवळा अनंत चतुर्दशीनंतरही तसाच मोकळा निघाला. तसाच राहून गेलेल्या दुसऱ्या बरणीत जाळी धरली होती, ती टाकावी लागली.

जवळा शिजवताना लोक हमखास चुकतात: तो आधी भिजत घालतात. पाण्यात पडून राहिला की चव पाण्यात उतरते आणि हातात टरफलं राहतात. आधी कोरडाच भाजायचा. मंद आचेवर तीन-चार मिनिटांत पांढरट-गुलाबी रंग बिस्किटासारखा होतो, उलथन्याखाली सुक्या पानांसारखा खळखळ आवाज येऊ लागतो आणि उग्र वास जाऊन खमंग वास सुटतो. तेव्हाच उतरवायचा. मग चाळणीत हलक्या हाताने चोळायचा. मिशा, पाय आणि रेती खाली पडतात. एकदाच पाण्यातून काढून घट्ट पिळायचा. दोन मोठे कांदे तेलावर गुलाबी झाले की हळद, दोन चमचे मालवणी मसाला, पिळलेला जवळा आणि तीन आमसुलं घालून झाकणावर पाणी ठेवून सात मिनिटं वाफ. मीठ शेवटी, चव बघूनच.

सोड्यांना मात्र भिजवणं लागतं: कोमट पाण्यात पंधरा मिनिटं, मग पाठीवरचा काळा दोरा काढायचा. ते पाणी फेकू नका. गाळून खिचडीच्या आधणात घातलं की मूठभर सोड्यांत दोन वाट्या तांदूळ रंगतात. वांगं-बटाट्याच्या रश्श्यात किंवा शेवग्याच्या शेंगांतही एवढेच पुरतात. भाजीला चव सोड्यांची येते, पोट भाजीने भरतं.

खारा बांगडा आणि कुळथाची पिठी ही जोडी खर्चाच्या मानाने सर्वांत तृप्त करणारी वाटली. पाऊण वाटी पीठ, साधारण ६० ग्रॅम, एक वाटी थंड पाण्यात कालवायचं. गरम पाण्यात घातलं की गुठळ्या होतात आणि मग मोडत नाहीत. सहा-सात लसूण पाकळ्या ठेचून, एक कांदा, दोन मिरच्यांची फोडणी, त्यावर चार वाट्या पाणी. उकळी आली की कालवलेलं पीठ ओतून ढवळत राहायचं. तीन आमसुलं शेवटच्या दोन मिनिटांत. पिठी निवली की घट्ट होते, म्हणून चुलीवर पातळच हवी. बांगडा धुऊन, पुसून थेट निखाऱ्यावर भाजायचा. चाळीत किंवा फ्लॅटमध्ये वास शेजारी पोचतो. तिथे केळीच्या पानात गुंडाळून तव्यावर झाकण ठेवून भाजला तर वास बराच कमी होतो. काटे काढून कुस्करलेल्या बांगड्यात कच्चा कांदा, मूठभर ओलं खोबरं, अर्धा चमचा खोबरेल आणि थोडं आगळ कालवलं की दोन बांगड्यांत चौघांचं भागतं. रक्तदाब असणाऱ्यांनी हा माल बेतानेच खावा, मीठ खरोखर खूप असतं.

कुळथाचं पीठ एकदम दळून आणू नये. ऑगस्टमध्ये त्यात पोरकिडे झाले. भाजून भरडलेली, पाखडलेली डाळ ठेवायची आणि अर्धा-अर्धा किलो दळायचं.

आता आगळ. अमृत कोकम वेगळं आणि आगळ वेगळं, हे दुकानात स्पष्ट सांगावं लागतं. पहिल्यात साखर असते, दुसऱ्यात रातांब्याचा रस आणि मीठ. चांगलं आगळ गडद, जांभळट लाल असतं. चमचाभर आगळ पाण्यात घालून चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की खरा रंग बदलून निळसर-काळपट होतो. लालभडकच राहिला तर रंग मिसळलेला. स्टॉलवरून घेतलेली एक बाटली या परीक्षेत नापास झाली. बाटलीत ओला चमचा गेला की वर पांढरी साय येते. कोरड्या लाकडी चमच्याने, काचेतूनच वापरलेलं आगळ डिसेंबरपर्यंत फ्रीजबाहेर टिकलं. अॅल्युमिनियमच्या टोपात किंवा कल्हई गेलेल्या पितळेत ते कधी ओतू नका, आंबट रस भांड्याला लागतो.

सोलकढीला एक नारळ, दोन लसूण पाकळ्या, एक मिरची आणि दोन वेळा मिळून अडीच वाट्या कोमट पाणी. मिक्सर थांबवत थांबवत फिरवा; सलग फिरला तर तापतो आणि नारळाचं लोणी सुटून कढीवर गोळ्या तरंगतात. आगळ चार मोठे चमचे, जेवायला बसण्याच्या आधीच घालायचं. आधी मिसळून ठेवली किंवा गरम केली की फाटते. उरलेला चोथा टाकू नये: भाजलेला मूठभर जवळा, चार सुक्या मिरच्या आणि लसूण घालून तव्यावर परतला की दोन दिवसांची चटणी होते. नारळ महागला त्या आठवड्यांत फुटी कढी केली. चार वाट्या पाणी, चार चमचे आगळ, वरून मोहरी, हिंग, कढीपत्ता आणि ठेचलेल्या लसणीची फोडणी. भातावर घ्या नाहीतर पेल्याने प्या, नारळाची उणीव वाटत नाही.

बोंबलांबद्दल समाधान कमी. चव चांगली, पण एका जेवणाला आठ लागतात, म्हणजे पन्नासांत सहाच जेवणं, आणि जागा सर्वांत जास्त अडते. पुढच्या मे महिन्यात पंचवीसच घ्यायचे, त्याऐवजी जवळा दीड किलो. बांगडेही चोवीस नाही, बाराच. तेलकट मासळी आहे, सप्टेंबरनंतर उरलेल्यांना खवटपणा लागू लागला होता. दिवाळीनंतर ऊन पक्कं झालं की नवी सुकवण बाजारात येते, उरलेले बारा तेव्हा घ्यावेत.