मोफत नोकरीचं आमिष आणि पळवलेलं अनुदान

आमच्या वाडीतल्या नऊ घरांना एकाच टोळीनं टोपी घातली. नऊही घरं पिवळ्या रेशनकार्डाची. तो योगायोग नव्हता, ती माणसं पिवळी कार्डंच शोधत आली होती. गाव वेंगुर्ला तालुक्यातलं आहे, एवढंच सांगते. तक्रारीचा तपास चालू असल्यामुळे गावाचं आणि संस्थेचं नाव लिहीत नाही. तसंही नावाला काय करायचंय, बॅनर एका दिवसात नवा छापून मिळतो. पद्धत मात्र तीच राहते, म्हणून ती नीट सांगते.

आमच्या घरी मला संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला 1,500 रुपये येतात आणि सासूबाईंना श्रावणबाळचे 1,500. कार्ड अंत्योदयचं, म्हणजे महिन्याला 35 किलो धान्य. हंगामात मी काजूच्या कारखान्यात जाते, पावसात लावणीला. मुलगी बारावी झाली, मुलगा शाळेत. अशा घरी नोकरीचं नाव काढणाऱ्याला चहा पाजल्याशिवाय कोणी पाठवत नाही.

शिमगा आटोपला आणि एक साहेब, एक मॅडम गाडी घेऊन आले. देवळाच्या सभामंडपात मेळावा घेतला. बॅनरवर दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेचं नाव. ही योजना खरी आहे, केंद्र सरकारनं 2014 मध्ये आणली. त्यांनी सांगितलेले नियमसुद्धा खरे होते. वय 15 ते 35, बायकांना 45 पर्यंत सवलत. घर गरिबीचं हवं, म्हणजे अंत्योदय किंवा दारिद्र्यरेषेचं कार्ड, नाहीतर बचत गटातलं घर, नाहीतर आदल्या आर्थिक वर्षात घरातल्या कोणीतरी रोजगार हमीवर किमान 15 दिवस काम केलेलं. आमच्या शेजारच्या काकांनी मुद्दाम ग्रामपंचायतीत जाऊन विचारलं, तर ग्रामसेवकांनीही हेच सांगितलं. झालं, सगळ्यांचा विश्वास बसला. नियम बरोबर सांगितला म्हणजे माणूसही त्या योजनेचाच, असं कोणालाही वाटेल, आणि तेवढ्याचसाठी त्यानं नियम पाठ केले होते.

मोपा विमानतळावर हाऊसकीपिंगची नोकरी, पगार 12,000, त्याआधी तीन महिने सावंतवाडीत मोफत प्रशिक्षण, राहणं-जेवण फुकट. फक्त गणवेश आणि मेडिकलसाठी 2,500 रुपये डिपॉझिट, नोकरीवर तीन महिने टिकलात की परत. मोपा आम्हाला काही लांब नाही, आमच्या भागातली पोरं कामाला रोज गोव्यात जातात-येतात. त्यामुळे ऐकायला सगळं शक्यतेतलं होतं.

डिपॉझिटबद्दल आता मला जे कळलंय ते आधी सांगते. या योजनेत पैसे सरकार प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेला देतं, तेही हप्त्यांनी. किमान 70 टक्के मुलामुलींना नोकरी लावायचं बंधन संस्थेवर असतं, आणि मूल तीन महिने कामावर टिकलं, पगाराचा पुरावा मिळाला, की मगच ती नोकरी धरली जाते. म्हणजे उमेदवार ही संस्थेची गरज असते. तिनं उमेदवाराकडून पैसे मागायचं कारणच नाही. उलट घरापासून लांब नोकरी लागली तर सुरुवातीचे काही महिने उमेदवारालाच महिना 1,000 रुपये मिळायची सोय आहे. बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असतात, आरसेटी म्हणतात त्यांना, तिथेही प्रशिक्षण आणि राहणं-जेवण मोफत. राज्य सरकारच्या 'महास्वयं' या रोजगाराच्या साइटवर नाव नोंदवायलाही पैसा लागत नाही.

पण डिपॉझिटला मी मोठी फसवणूक म्हणणार नाही. नऊ घरांचे साडेबावीस हजार झाले. तेवढ्यासाठी कोणी गाडीचं डिझेल जाळून महिनाभर घाटी-पाखाड्या चढत नाही. त्यांना हवं होतं दुसरंच.

अर्ज भरताना मॅडमनं प्रत्येक घरात एक प्रश्न विचारला. "काकी, घरात अजून कोणाला सरकारी पैसे येतात का? पेन्शन, निराधार, लाडकी बहीण?" आम्हाला वाटलं, उत्पन्न बघत असतील. वर मॅडमनं भीतीही घातली. मुलगी कमावती झाली की तुमचं निराधार बंद होऊ शकतं, पण आमच्यातर्फे केवायसी करून घेतलीत तर काही होणार नाही, तलाठ्याकडे हेलपाटेही नकोत. ही भीती आमच्यात आधीपासूनच असते. नोकरी लागली तर अनुदान जाईल, ही चर्चा पाणवठ्यावरही चालते. तिनं फक्त त्या भीतीवर बोट ठेवलं.

मग छोटं यंत्र काढलं आणि अंगठे घेतले. मुलीचा अंगठा हजेरीसाठी. हेही अर्धं खरं, कारण खऱ्या प्रशिक्षणात आधारवर बोटाचा ठसा घेऊन हजेरी लागते. माझा अंगठा कशाला? तर भत्ता पालकांच्या खात्यात येतो. सासूबाईंचा? त्यांच्या श्रावणबाळची केवायसी. सासूबाईंची बोटं आयुष्यभर भातात आणि मातीत झिजलेली, ठसा काही उठेना. त्या मॅडमनं ओल्या फडक्यानं बोट पुसून पुसून पाच वेळा लावून घेतलं. एवढी माया! मुलीच्या नावानं नवं सिमही काढलं, "ट्रेनिंगच्या ग्रुपसाठी". सिम, एटीएम कार्डं आणि पासबुकं किट म्हणून सेंटरवर मिळतील असं सांगितलं. ती किटं आम्ही कधी पाहिली नाहीत.

प्रशिक्षण झालं ते दोन आठवड्यांचं. एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर इंग्रजीत नमस्कार-चमत्कार शिकवले, गणवेश घालून फोटो काढले, हातात ऑफर लेटर देऊन पुन्हा फोटो काढले. लेटर लगेच परत घेतलं, सहीला पाठवायचंय म्हणून. नंतर पोरींना मोप्याला नेलंच नाही. गोव्यात पर्वरीकडे एका कपडे धुण्याच्या ठिकाणी नेऊन सोडलं. दिवसाला दहा-बारा तास, हॉटेलांच्या चादरी. महिन्याच्या शेवटी हातावर 4,000 टेकवले, बाकी राहण्या-जेवणात कापले म्हणे. मुलगी फोनवर रडायची, पण डिपॉझिट बुडेल म्हणून तीन महिने काढायचे असं पोरींनी आपसात ठरवलेलं.

पोरींना कामावर पाठवणं हा फसवणुकीचाच भाग होता, हे मला आता दिसतं. लेक कामावर आहे म्हटल्यावर गावात बोंब कोण मारणार? तेवढ्या वेळात त्यांना त्यांचं काम करायचं होतं.

इकडे माझं अनुदान येईना. एक महिना उशीर नेहमीचाच, म्हणून गप्प बसले. मग सासूबाईंचंही येईना. त्यांचं विचारणं चालू झालं, "माजे पैसे खय गेले गो?" तहसील कार्यालयाच्या संजय गांधी शाखेत गेले तर तिथल्या बाई म्हणाल्या, आमच्याकडून जमा झालेत. बँकेत गेले तर म्हणतात, आलेले नाहीत. दोन्ही खरं बोलत होते. शेवटी उलगडा केला तो आमच्या पोस्टातल्या मास्तरांनी. त्यांनी मोबाइलवर आधारच्या साइटवर बघितलं आणि म्हणाले, "वयनी, पैसे येतत, पण तुमच्या खात्यात नाय. तुमचा आधार दुसऱ्याच बँकेक जोडलेला असा."

हे कसं होतं ते ज्याला अनुदान येतं त्यानं समजून घ्यायला हवं. तुमची खाती चार बँकांत असली तरी सरकारी पैशांसाठी आधार एका वेळी एकाच बँकेशी जोडलेलं असतं. शेवटी जिथं जोडलं, तिथं पैसे. नवं खातं अंगठ्यावर उघडताना त्यातच एक संमती असते, सरकारी लाभ या खात्यात यावेत म्हणून. ती त्यांनी परस्पर दिली. खात्याला मोबाइल नंबर त्यांच्या हातातल्या सिमचा, कार्ड त्यांच्याकडे. पैसे जमा व्हायचे त्याच दिवशी गोव्यातल्या एटीएममधून निघायचे. स्टेटमेंट हातात आलं तेव्हा ते दिसलं. आम्हाला कोणी लुबाडतंय याचा एक मेसेजसुद्धा आमच्या फोनवर येणार नव्हता.

मुलीच्या खात्याचं प्रकरण याहून वाईट. तिला ना पेन्शन ना अनुदान, मग तिचं खातं कशाला? तर त्यात दुसऱ्यांचे लुटलेले पैसे फिरवायला. भलत्याच राज्यांतल्या लोकांचे पैसे तिच्या खात्यात आले आणि काही मिनिटांत पुढे गेले. त्यांतल्या एकानं सायबर पोलिसांत तक्रार केली, खातं गोठवलं गेलं आणि चौकशीचा पहिला फोन आला तो आमच्या घरी, कारण नाव आणि पत्ता आमचा. पोरीनं त्या खात्यातला एक रुपया पाहिला नव्हता. सरकारच्या संचार साथी साइटवर तिच्या नावावरची सिमकार्डं तपासली, तर तिला माहीत नसलेली आणखी दोन निघाली. ती तिथूनच बंद करायला टाकली.

आता काय उपयोगी पडलं ते सांगते, आणि काय नाही तेही. 1930 या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर तक्रार नोंदवली, तिचा नंबर घेतला आणि तो सगळीकडे दाखवला. पोलीस ठाण्यात तोंडी सांगून भागत नाही. लेखी अर्ज दिला, शिक्का मारलेली प्रत घेतली. आधी "पैसे घेतले ना नोकरीचे, मग ग्राहक मंचात जा" असं ऐकून घ्यावं लागलं. मग नऊ घरं एकत्र गेलो तेव्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली, म्हणजे फसवणुकीच्या कलमाखाली गुन्हा नोंदला. एकट्या बाईला जे उत्तर मिळतं ते नऊ बायकांना मिळत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मुलीच्या बाबतीत ही तक्रारच तिच्या कामी आली. आम्हीच आधी फसलोय, हे कागदावर दिसलं.

जुन्या बँकेत आधार जोडणीचा अर्ज भरून मी आणि सासूबाईंनी अनुदान परत तिथं वळवून घेतलं. ते व्हायला वेळ लागला, पण झालं. मधल्या काळात निघून गेलेले पैसे मात्र आलेले नाहीत. नव्या बँकेचा अधिकारी म्हणाला, अंगठा तर तुमचाच आहे. मी म्हटलं, अंगठा आमचा होता, पण खातं उघडणारा तुमच्याच बँकेच्या यंत्रावर बसलेला होता, त्याला यंत्र कोणी दिलं? याचं उत्तर त्यानं दिलं नाही. अर्ज पुढे पाठवलाय. फसवून झालेल्या व्यवहाराचा बँकेचा मेसेज आल्यावर तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं तर ग्राहकाची बाजू भक्कम राहते, असा रिझर्व्ह बँकेचा 2017 चा नियम आहे. आम्हाला मेसेजच येत नव्हते, तर तीन दिवस मोजायचे कुठून, हा माझा प्रश्न आहे.

पंचायत समितीत उमेदचा, म्हणजे बचत गटांचं काम बघणाऱ्या सरकारी अभियानाचा कक्ष असतो, तिथं विचारलं तेव्हा कळलं की या संस्थेचं नाव त्यांच्या यादीतच नाही आणि पालकांच्या खात्याचा प्रशिक्षणाशी काही संबंध नाही. गावात उमेदचं काम बघणाऱ्या ताई असतात, सीआरपी म्हणतात त्यांना, बचत गटाच्या बायकांना त्या माहीत असतात. त्यांना एक फोन केला की पाच मिनिटांत खरं-खोटं कळतं. त्या दिवशी त्या सभामंडपात नव्हत्या, कारण मेळावा मुद्दाम त्यांच्या तालुक्याच्या बैठकीच्या दिवशी ठेवलेला होता.

आधारचे बोटांचे ठसे लॉक करता येतात, हे मला आधी माहीत नव्हतं. एमआधार अॅपवरून होतं, नाहीतर 1947 ला फोन करून माहिती घेता येते. लॉक असलं की कोणी अंगठा घेतला तरी व्यवहार होत नाही. त्रास एवढाच की रेशन दुकानात मशीनवर अंगठा द्यायच्या दिवशी थोड्या वेळापुरतं उघडावं लागतं. सासूबाईंना याचा कंटाळा येतो, दुकानदारालाही येतो. मी तरीही करते. मोबाइल नंबर आधारला जोडलेला नसेल तर आधी तो जोडून घ्यावा लागतो, त्यासाठी आधार केंद्रात जावं लागतं.

मुलीनं ओरोसच्या रोजगार मार्गदर्शन केंद्रातून नोंदणी केली, आता कुडाळ एमआयडीसीत पॅकिंगला जाते. पगार तिच्या जुन्या खात्यात येतो. गोठवलेलं खातं अजून तसंच आहे.

परवा मालवण तालुक्यातून नणंदेचा फोन आला. तिच्या वाडीत आंबा प्रक्रिया कारखान्यात नोकरी देणारे आलेत, डिपॉझिट 2,000, मेळावा शाळेच्या पडवीत. तिनं ऐकून घेतलं आणि मॅडमनं "घरात कोणाला सरकारी पैसे येतात का?" असं विचारल्यावर सरळ सीआरपी ताईंना फोन लावून मॅडमच्या हातात दिला. जेवायची वेळ व्हायच्या आत ती मंडळी सामान आवरून निघून गेली. नणंदेनं गाडीचा नंबर लिहून ठेवलाय. आमच्याकडे आली होती ती गाडी पांढरी होती, हीही पांढरीच आहे, पण त्यावरून काही ठरत नाही. नंबर तपास करणाऱ्या साहेबांना दिला आहे.