गच्चीवर झोपायचं की एसीत?

मावसभाऊ भुसावळहून विचारतोय, एसी घेऊ का गच्चीवरच बाज टाकू, मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि रात्री दोनपर्यंत डोळा लागत नाही म्हणे.

खर्चात गच्ची जवळपास फुकट, मच्छरदाणी सोडली तर. दीड टनाचा एसी रात्रभर चालला की ७-८ युनिट सहज जातात. पण मेहनत गच्चीलाच, संध्याकाळी स्लॅबवर बादल्या भरभरून पाणी मारा, गाद्या वर न्या, तरी अकरापर्यंत तो वाफा सोडतोच.

झोप लागायला शरीराचं तापमान थोडं उतरावं लागतं, ते एसीत लवकर होतं, गच्चीवर उशिरा. उलट पहाटेचा उजेड डोळ्यावर आला की शरीराचं घड्याळ आपोआप लागतं, जाड पडद्याच्या खोलीत नऊला पण रात्रच. मोबाईल मात्र दोन्हीकडे वैरी, त्याचा उजेड मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाली हे शरीराला सांगणारं हार्मोन, दाबतो, अन् हा पठ्ठ्या बाजेवर पडून बारापर्यंत रील बघतो ते सांगत नाही!

सकाळी शेतात जाणाऱ्याला गच्चीच बरी. म्हातारी माणसं, तान्ही बाळं असतील तर एसी, निदान कूलर. याला पुढच्या महिन्यापासून रात्रपाळी आहे, दिवसा गच्चीवर काय झोपणार, तेव्हा भाऊ तू एसीच घे.