कढीगोळ्यांसाठी जाड बुडाचा स्टीलचा गंज

सहा लिटरचा, जाड बुडाचा स्टीलचा गंज, म्हणजे उभं पातेलं, मी दर्यापूरच्या बाजारातून सतराशे रुपयांत घेतला. मागच्या तुरीच्या हंगामापासून तो रोज गॅसवर चढतो, आणि उद्या घ्यायची वेळ आली तर मी तोच घेईन. भांडं घेताना आपण बायका आधी चकाकी पाहतो, मग वजन. माझं कळकळीचं सांगणं आहे की बूड पाहा, आणि आपल्या गावचं पाणी कसं आहे ते डोक्यात ठेवून दुकानात जा.

आमच्या घरात पातळ खाणं फार. वरण तर रोजचंच. भेदऱ्याचं म्हणजे टोमॅटोचं सार, हिवाळ्यात तुरीच्या सोल्यांची आमटी, सासूबाईंचे दात गेल्यापासून त्यांच्यासाठी शेवग्याच्या शेंगांचं सूप, आणि पाहुणे आले की कढीगोळे. हे सगळं पूर्वी जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, गंजात व्हायचं. जर्मन लवकर तापतं, हलकं असतं, स्वस्त मिळतं. पण ताक, चिंच, भेदरं असं आंबट त्यात शिजवलं की ॲल्युमिनियम त्या आंबटाशी लागतं, आतून भांडं वेगळंच उजळ दिसू लागतं आणि कढी रात्रभर त्यात राहिली तर सकाळी चव उतरलेली असते. पितळेचा गंज माळ्यावर आहे, पण त्याला कल्हई लागते आणि कल्हईवाला आता गावात फिरकत नाही.

मग स्टील. किलोवर मिळणारा साधा, एका पत्र्याचा गंज घरात आधीपासून आहेच. त्यात पाणी तापवावं, दूध तापवावं, भात शिजवावा. घट्ट वरण किंवा बेसन लावलेली कढी त्यात ठेवली की जिथे जाळ लागतो तिथे गोल चट्टा करपतो. कारण सरळ आहे. स्टील उष्णता पसरवत नाही. ॲल्युमिनियमच्या जेमतेम पंधराव्या हिश्शाएवढी ते वाहून नेतं. जाळाखालची जागा लाल व्हायला येते आणि चार बोटं पलीकडे अजून कोमट. म्हणून जाड बुडाच्या गंजात खाली ॲल्युमिनियमची चकती घालून वरून पुन्हा स्टीलचा पत्रा दाबलेला असतो. अन्नाला लागतं ते स्टील, उष्णता पसरवतं ते मधलं ॲल्युमिनियम. ट्रायप्लाय म्हणून मिळतात त्या भांड्यांत हाच थर बुडापासून काठापर्यंत असतो. ती अधिक चांगली, पण सहा लिटरच्या मापात किंमत माझ्या हाताबाहेर होती.

फरक कुठे दिसला ते सांगते. कढीगोळ्यांत भिजवून जाडसर वाटलेल्या डाळीचे गोळे उकळत्या कढीत सोडायचे असतात. आधी एक सोडून पाहायचा, फुटला नाही की बाकीचे. गोळा आधी तळाला जातो, थोडा वेळ तिथेच बसतो, शिजला की वर येतो. साध्या गंजात तो तळाला बसल्या जागी चिकटायचा, सराट्याने सोडवायला जावं तर फुटायचा, आणि सगळी कढी डाळीची होऊन जायची. या गंजात मध्यम आचेवर गोळे एकेक करून आपसूक वर आले. सासूबाई डोकावून म्हणाल्या, "काहून वं, आज एकही नाही फुटला?" त्यांच्या तोंडून हे येणं सोपं नाही.

एक गोष्ट मात्र दुकानात कोणी सांगत नाही. चकती बुडाच्या अगदी कडेपर्यंत गेलेली नसते, आणि जाळ तिच्या बाहेर आला की नुसत्या पत्र्याला लागतो. मोठ्या बर्नरवर पूर्ण आच ठेवली की बुडाच्या कोपऱ्यावर, आतून, एक तपकिरी कडं धरतं. वरण तिथेच करपतं, मध्ये नाही. जाळ बुडाच्या आत राहील एवढीच आच ठेवावी. घेताना आपल्या बर्नरचं माप मनात धरून रुंद बुडाचा गंज निवडावा. फार उंच, अरुंद गंज दिसायला छान असतो, पण पळी तळापर्यंत फिरत नाही आणि भरल्यावर गॅसवर डुलतो.

आता स्टीलच्या जातीबद्दल. दुकानदार भाऊंनी चुंबक काढून दाखवलं, "पाहा ताई, चिपकत नाही, असली माल." चुंबकाने अर्धीच गोष्ट कळते. ४३० जातीच्या स्टीलला चुंबक चिकटतं, त्यात निकेल नसतं. पण ३०४ ला चिकटत नाही तसं २०२ लाही चिकटत नाही. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं, म्हणून ते स्वस्त. त्यामुळे भांड्यावर किंवा खोक्यावर जात छापलेली आहे का ते पाहावं आणि पक्कं बिल मागावं. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये स्टीलच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं करणारा आदेश काढला आहे. त्याचं मानक आयएस १४७५६. चिन्ह शोधून घेतलेलं बरं. आणि बुडाला बाहेरून चुंबक चिकटलं तर घाबरू नका. इंडक्शनवर चालावं म्हणून खालचा पत्रा मुद्दाम तसा लावतात.

आमच्यासारख्या खारपाणपट्ट्यातल्या लोकांना ही जात का पाहायची ते जास्त कळायला हवं. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाण्यातल्या गावांना जमिनीखालचं पाणी खारं. प्यायला, शिजवायला नळाचं, शहानूर धरणाचं पाणी येतं, पण नळ रोज कुठे येतो? भांडी बोअरच्या पाण्यानेच घासली जातात. स्टीलला जंग धरत नाही ते क्रोमियमच्या ऑक्साइडच्या अतिशय पातळ थरामुळे, आणि मिठातलं क्लोराइड नेमकं त्याच थराला टोचतं. खारं पाणी गंजात रात्रभर राहिलं तर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे पडू शकतात, आणि ते घासून जात नाहीत. ३०४ इथे २०२ पेक्षा नेटाने टिकतं, पण काळजी त्यालाही लागतेच. माझ्याकडे नियम असा आहे की घासून झालं की शेवटचा तांब्या नळाच्या पाण्याचा, आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसणं. कढी-वरण उरलं तर दुसऱ्या भांड्यात काढायचं.

मीठही थंड पाण्यात टाकायचं नाही. खडे तळाला बसतात आणि तिथेच खड्डे पडतात. उकळी आल्यावर टाकून ढवळलं की विरघळून जातं. कढीत मीठ उकळीनंतरच, नाहीतर ती फाटते, हे आपल्याला आईने शिकवलेलंच आहे. तीच सवय वरणालाही लावून घ्यावी.

पांढरे डाग म्हणजे पाण्यातला क्षार. लिंबाची वापरलेली फोड चोळली, नाहीतर चिंचेचं पाणी थोडं उकळलं की जातात. कधी आतून निळसर-जांभळी झाक येते, ती जास्त तापल्याची खूण, अन्नाला काही होत नाही, तीही आंबटाने निघते. करपलं तर पाणी आणि खायचा सोडा घालून उकळावं आणि लाकडी सराट्याने खरवडावं. तारेची घासणी आणि वाळू या गंजाजवळ मी येऊ देत नाही.

उणिवा आहेत. भरलेला गंज जड होतो, सासूबाईंना एकटीने उतरवता येत नाही. कान वेल्डिंगचे आहेत आणि तापतात, फडकं लागतंच. म्हणून दुकानातच पाणी भरून, दोन्ही कानांनी उचलून पाहा. कान लवतो आहे असं वाटलं तर दुसरा मागा. काठ बाहेर वळवलेला असावा, ओतताना सार भांड्यावरून ओघळत नाही. आणि हा गंज रिकामा जाळावर ठेवू नये, चकती सुटू शकते. चुलीवर मोठ्या जाळाचा स्वयंपाक करणाऱ्यांनी म्हणूनच यावर पैसे घालू नयेत, त्यांना किलोवरचा जाड पत्र्याचा गंज बरा.

पंगतीला भांडी इकडची तिकडे जातात, तेव्हा नाव टाकूनच घ्या. ते बाहेरून, कानाच्या वर काठाजवळ टाकायला सांगा. बुडावर टाकलेलं जाळाने आणि घासण्याने पुसट होतं.