जिन्याला पीयू लावून नऊ महिने झाले: रंग उत्तम, हार्डनरने मात्र घात केला

आमच्या गुहागरच्या घरात ओटीवरून माळ्यावर जाणारा तेरा पायऱ्यांचा सागवानी जिना आहे. फेब्रुवारीत त्याला पारदर्शक मॅट पीयू लावले. पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. बेस (मूळ रंग) आणि हार्डनर (त्याला कडक करणारे द्रव्य) एकत्र करून लावायचे, ते हे पीयू. गणपतीच्या आदल्या आठवड्यात माळ्यावरून माटवी (गणपतीवर टांगायची लाकडी चौकट) खाली उतरवताना तिचा एक कोपरा बाराव्या पायरीवर घासला आणि वीतभर लांब पांढरा ओरखडा उठला. उरलेल्या डब्यातून दोन चमचे मिश्रण करून तो बुजवावा म्हणून हार्डनर उघडला, तर आत द्रव नव्हताच. पिवळसर, घट्ट असा खरवस जमून बसला होता. हे लिहिण्याचे खरे निमित्त तो खरवस आहे.

पीयूकडे वळण्याचे कारण २०२४ चा अनुभव. त्या वर्षी गणपतीआधी, ऑगस्टच्या भर पावसात, आम्ही याच जिन्याला तपकिरी ऑइल पेंट लावून घेतला. तो दिवाळीपर्यंत वाळला नाही. अनवाणी पाय उचलला की ‘चट्’ असा आवाज येई, आणि चौथ्या पायरीवर मांजराचे केस कायमचे रुतले ते रुतलेच. तेव्हा मी रंगाऱ्याला पुष्कळ बोल लावला, तो आता निम्मा मागे घेतो. ऑइल पेंट हवेतील प्राणवायू शोषून कडक होतो आणि दमट, कोंदट हवेत ही क्रिया रेंगाळते. त्यातच सागवानाच्या अंगी असलेली तेलकट द्रव्ये तिला आणखी अडवतात. ताजे रंधलेले किंवा घासलेले सागवान रंगापूर्वी थिनरच्या फडक्याने पुसून घ्यायचे असते ते यासाठीच. हे त्याने केले नाही, आणि करायला मी सांगितले नाही.

जुना थर काढण्याचे काम जानेवारीत सुरू केले. तपकिरीच्या खाली वडिलांच्या काळातील हिरवा रंग निघाला, तेव्हा मात्र मी हात आवरला. घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसे नसेलच असे धरून चालता येत नाही. म्हणून तो थर कोरडा न घासता पाणी मारून, तोंडाला मास्क बांधून, नातवंडे घरात नसताना काढला, आणि लाकूड पंधरा दिवस वाळू दिले. त्यानंतर ८०, १२० आणि १८० नंबरचे पॉलिश पेपर, फटींत लांबी (पुट्टी), थिनरचा हात, सीलर (लाकडाची छिद्रे बुजवणारा खालचा थर), आणि शेवटी टॉप कोटचे दोन हात.

येथे हिशेबाची गोष्ट येते. पायरी तीन फूट लांब आणि दहा इंच रुंद, म्हणजे तेरा पायऱ्यांचे मिळून साधारण ३३ चौरस फूट होतात. दोन हातांना मला जेमतेम साडेसहाशे मिली मिश्रण लागले, आणि दुकानात सर्वांत लहान पॅक एक लिटरचा होता. शिवाय जिना वापरात ठेवायचा म्हणून एक सोडून एक पायरी रंगवली. त्यामुळे प्रत्येक हाताला दोनदा मिश्रण करावे लागले आणि दर वेळी वाटीच्या तळाशी थोडे वाया गेले, कारण एकदा कालवलेले पीयू काही तासांतच लावण्याजोगे राहत नाही. सीलरचा हार्डनर वेगळा, टॉप कोटचा वेगळा, आणि एकाचा दुसऱ्याला चालत नाही. साधा स्वस्त एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगांचा) थिनरही चालत नाही. पीयूचाच घ्यावा लागतो, कारण एनसी थिनरमधील अल्कोहोल हार्डनरशी संयोग पावते. काटकसरी माणसाला हा रंग पदोपदी टोचतो.

खरवसाचा डबा घेऊन मी दुकानात गेलो. दुकानदार हसून म्हणाला, “गुरुजी, एकदा उघडला की त्याचा भरवसा नाही. पावसाळा तर त्याला बाधतोच.” बदलून मात्र दिला नाही. घरी येऊन डब्यावरील बारीक मजकूर भिंग लावून वाचला, तर तेच छापलेले होते. हार्डनर हवेतील वाफेशी संयोग पावून घट्ट होतो आणि त्यात कर्बवायू सुटतो, म्हणून ओलावा गेलेला डबा फुगूही शकतो. दमट दिवशी लावलेल्या पीयूत बुडबुडे उठतात तेही याच कारणाने. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, हे विकणाऱ्याला ठाऊक नसते असे नाही. मग दोनशे मिलीचा पॅक का ठेवू नये, हा माझा प्रश्न अद्याप उभा आहे.

रंगाबद्दल मात्र माझे मत बदलले, आणि चांगल्या बाजूने. पहिल्या महिन्यात मॅट मला निस्तेज वाटले होते. ग्लॉसी घ्यायला हवे होते, असे मी घरात चारदा बोलूनही दाखवले. जुलैत ओल्या पायांनी माळ्यावर चढणारी मुले पाहिली तेव्हा ते शब्द गिळले. पाय सरकत नाही, धूळ ओल्या फडक्याने निघते, आणि बारीक ओरखडे उजेड तिरपा असल्याखेरीज दिसत नाहीत. पूर्ण पावसाळ्यात एकही पायरी चिकटली नाही. रंग विरळ झाला आहे तो फक्त तिसऱ्या आणि चौथ्या पायरीच्या कडेला, जेथे सिलिंडर टेकवून दम घेतला जातो. रंधा मारताना ती कड किंचित गोल करून घेतली असती तर तेथेही रंग टिकला असता. धारदार कोपऱ्यावर थर पातळच बसतो.

लावायचे असेल तर डिसेंबर ते मार्च या काळातच लावावे, आणि उरलेला हार्डनर काचेच्या लहान कोरड्या बाटलीत काठोकाठ भरून, बूच घट्ट लावून, मुलांच्या हाताबाहेर ठेवावा. ही युक्ती मला दुकानदाराने सांगितली, पण डबा गेल्यावर.

बाराव्या पायरीवरील ओरखडा तूर्त तसाच आहे, कारण वीतभर रेघेसाठी पुन्हा लिटरचा डबा घेणे माझ्याच्याने होणार नाही. फेब्रुवारीत माडीच्या खिडक्या करायच्या आहेत. त्या दिवशी शेवटच्या वाटीत जे उरेल, ते त्या पायरीचे.